प्रदर्शनातली जुनी शाळा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात इंग्रजी अमदानीतलं मुलांचं शिक्षण मांडायचं ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. एकच कळकळीची विनंती आहे. एकीकडे पंतोजी आणि दुसरीकडे साहेब असा फलक करू नकोस. मुलाच्या हातात काय होतं आणि तोंडी काय होतं ते दाखव.

धूळपाटी करायला सोपी आहे. हातभर लांबीची फळी घे आणि कडेने बारीक पट्ट्या ठोक, म्हणजे धूळ सांडणार नाही. विटकरीची भुकटी फडक्यातून गाळून पातळ पसर. थर जाड झाला की रेघेच्या कडा ढासळतात आणि अक्षर बुजतं. मुलांना काडीने गिरवू दे: श्रीगणेशा, 'ओ नामा सीधं', मग मुळाक्षरं.

कागदावर मात्र मोडी, म्हणजे त्या काळची भरभर लिहायची लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि बोरू शक्यतो न उचलता त्यांच्याखाली लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत. शाई काजळ आणि बाभळीचा डिंक पाण्यात खलून करता येईल. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं, जास्त झाला तर शाई बोरूतून उतरत नाही.

उजळणीला चांगली मोठी जागा दे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) हे सगळे अपूर्णांकांचे पाढे, आणि त्यांची गरज बाजारात रोज पडे. मण 40 शेरांचा, रुपया 16 आण्यांचा. एक आणा शेर म्हणजे अडीच रुपये मण. म्हणून शेराचा भाव जितके आणे, तितक्याची अडीचकी म्हटली की मणाचा भाव हाती येतो. सात आणे शेर असेल तर साडेसतरा रुपये मण, कागदाला हात न लावता! हा एक हिशेब फळ्यावर पूर्ण सोडवून ठेव. नुसते पाढे टांगलेस तर ती घोकंपट्टीच वाटेल.

पण पंतोजींच्या या शाळेत बसायची कोण मुलं? मुख्यतः ब्राह्मणांची आणि व्यापारी-कारागिरांची. मुली जवळपास नाहीतच, अस्पृश्य मानलेल्यांना तर दारच बंद. सरकारी शाळांनीही ते सहज उघडलं नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने नकार कायम ठेवला. बाकीची मुलं शाळा सोडतील, ही सबब. हा प्रसंग प्रदर्शनात हवाच.

1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे शिक्षणधोरणाच्या सरकारी पत्रानंतर, शिक्षणखातं उभं राहिलं आणि शाळेत छापील बालबोध, म्हणजे देवनागरी, पुस्तकं पसरली. सरकारी मराठी भाषांतरकार मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली भाषांतरं तपासली जात. आपल्या लिहिण्यात आज जी विरामचिन्हं आहेत, ती रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं. मग इन्स्पेक्टर येईल त्या दिवसासाठी पुस्तक पाठ करून घेणं ओघानेच आलं. हायस्कुलात गेल्यावर इतिहास, भूगोल, गणितही इंग्रजीतून.

माझ्या मते खरी फूट इथे पडली. मुलगा छापील धडा घडाघडा वाचे, पण घरातलं गहाणखत मोडीत असे. ज्याची मोडी कच्ची राहिली, त्याला स्वतःच्या जमिनीचा कागद सावकाराकडून नाहीतर कुलकर्ण्याकडून वाचून घ्यावा लागे. घरचा व्यवहार एका लिपीत आणि शाळेची हुशारी दुसरीत, हे त्या पोराच्या वाट्याला आलं.

जोतीराव फुल्यांनी हे नेमकं ओळखलं होतं. 1848 साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या माणसाने 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि त्यात मोडी व बालबोध दोन्हींचं लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान ठेवा, ही त्यांची मागणी. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हेही त्यांनी स्पष्ट मांडलं. जुनी शाळा जशीच्या तशी परत आणा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तिच्यातली कामाची विद्या सर्वांना मिळावी, असं होतं.

म्हणून मधल्या भिंतीवर एक मोडी गहाणखत आणि एक बालबोध धडा शेजारी लाव. खताखाली देवनागरी लिप्यंतर दे, पण झाकून ठेव. पाहणाऱ्याने आधी मूळ कागद वाचायचा प्रयत्न करावा, मग झाकण उचलावं. खताची मूळ प्रत लावू नकोस, छायाप्रतच लाव. जुना कागद उजेडाने आणि त्यावरची शाई दमट हाताने लवकर खराब होते.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
अनंत