सूर्यास्ताचे ठिकाण विचारण्याआधी महिना विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीपासून नाताळापर्यंत ‘सर्वांत सुंदर सूर्यास्त कुठे?’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल पर्यटन पुरवण्यांत ठिकाणांच्या याद्या येतात. नावे बहुधा योग्य असतात, पण कोणत्या महिन्यात जावे, सूर्य नेमका कुठे टेकेल, त्या वेळी भरती असेल की ओहोटी, याचा उल्लेख नसतो. मग डिसेंबरअखेर कोकणचे किनारे माणसांनी फुलतात आणि सूर्य मात्र पाण्यापासून अंश-दोन अंश वर असतानाच राखाडी पट्ट्यात विरून जातो. थंडीत जमिनीलगतची हवा वर उसळत नाही, त्यामुळे धूर आणि धूळ खालच्या थरातच साचून राहते. क्षितिजाकडे पाहताना नजर नेमकी त्याच थरातून आडवी जाते.

धुळीमुळे सूर्यास्त रंगतो, हा समज पक्का रुजलेला आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो. त्या प्रवासात हवेचे रेणूच निळा रंग विखरून टाकतात आणि तांबूस, केशरी तेवढे उरते. त्यासाठी धूळ लागत नाही. शहरी धुरातले मोठे कण सगळेच रंग सारखे विखरतात, म्हणून तिथे लाल गोळा दिसतो पण आभाळ मळकेच राहते. १८८३च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर जगभर विलक्षण संध्याकाळी दिसल्या, त्या स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पोचलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. रस्त्यावरच्या धुळीला तो न्याय लागू होत नाही.

म्हणून महाराष्ट्रापुरते उत्तर द्यायचे तर पहिला मान सह्याद्रीच्या पश्चिम कड्याला, आणि तोही पाऊस ओसरल्यानंतरच्या ऑक्टोबरात. पावसाने हवा धुतलेली असते, आभाळात मधल्या आणि वरच्या थरातले ढग अजून रेंगाळत असतात आणि पायाखाली कोकण पसरलेले असते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि महाबळेश्वरचा मुंबई पॉइंट ही त्याची उत्तम उदाहरणे. सुमारे १४०० मीटर उंचीवरून क्षितिज १३० किलोमीटरहून लांब जाते आणि समुद्रसपाटीपेक्षा अंशभर खाली दिसते. हवा स्वच्छ असेल तर तिथे सूर्य त्याच जागी समुद्रसपाटीवरून मावळला असता त्यापेक्षा चार-पाच मिनिटे उशिरा मावळतो. माथेरानच्या पॉर्क्युपाइन पॉइंटवरून मात्र समोर प्रबळगड येतो. डोंगराची काळी कड हवी असेल तर ते ठिकाण अप्रतिम आहे, पण सूर्य तिथे पंचांगातल्या वेळेआधीच आड जातो. उशिरा पोचणाऱ्याला फक्त उजेड मिळतो.

दुसरा क्रम कोकण किनाऱ्याचा, पण तिथे तिथी पाहूनच जावे. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला पुळण पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी दूर ओसरलेले असते. गुहागर-वेळणेश्वरसारख्या मंद उताराच्या किनाऱ्यावर ओली वाळू सगळे आभाळ खाली उतरवते. पौर्णिमेला पाठीमागे पूर्वेकडून चंद्रही उगवत असतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली निरभ्र पौर्णिमा किनाऱ्यासाठी सर्वोत्तम. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर अंधार पडेपर्यंत थांबू नये, शेवाळावरून पाय घसरतो.

दिशेबद्दल तर फारच गैरसमज आहेत. सूर्य वर्षातून दोनच दिवस नेमका पश्चिमेला मावळतो. आपल्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास तो पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला टेकतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मुठी. मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागातून हिवाळ्यात सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, मे-जूनमध्ये मात्र मलबार हिलच्या मागे जातो. एखादा सुळका किंवा दीपगृह चौकटीत हवे असेल तर ही मोजणी घरून निघण्याआधीच करावी. आपल्या दैनिकात मुंबईची सूर्यास्ताची वेळ छापलेली असते; नागपुरात सूर्य त्याआधी सुमारे २५ मिनिटे मावळतो, हे विदर्भातल्या वाचकांनी धरून चालावे.

पठारावरच्या जलाशयांना, विशेषतः नाथसागर आणि उजनीला, याद्यांमध्ये क्वचितच जागा मिळते. तिथे क्षितिज सपाट आणि पाणी शांत असते. पण खरी मौज पूर्वेला आहे. सूर्य बुडताच पूर्व क्षितिजावर निळसर-करडा पट्टा वर सरकू लागतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली, आणि तिच्यावर गुलाबी कड. मोकळ्या पठारावर ती जितकी स्पष्ट दिसते तितकी इमारतींनी वेढलेल्या चौपाटीवर दिसत नाही. मे महिन्यात वळवाचे उंच ढग पूर्वेला उभे असतील तर मावळतीचा उजेड त्यांच्या माथ्यावर पडतो, तेव्हाही पश्चिमेकडे पाठ करणेच योग्य. राज्याबाहेर कच्छच्या रणाचे सपाट मीठ याच कारणाने श्रेष्ठ आहे. आडकाठी नाही आणि चारही दिशा मोकळ्या.

सर्वांत वाईट चूक म्हणजे लवकर निघणे. सूर्यबिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला आपल्याकडे सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात, आणि टाळ्या वाजवून माणसे गाडीकडे वळतात. पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग असतील तर त्यांच्या पोटाशी रंग चढतो तो त्यानंतरच्या पाच ते वीस मिनिटांत. त्या ढगांवर पडणारा प्रकाश तीनशे किलोमीटर पश्चिमेकडून जमिनीला घासून येतो, म्हणून डोक्यावर ढग आणि अरबी समुद्रावर मोकळीक अशी स्थिती हवी. हवामान विभागाच्या उपग्रह छायाचित्रात दुपारी चार वाजताच ते कळते. पश्चिमेला खालच्या ढगांची भिंत दिसली तर घाट चढण्याचा खटाटोप त्या दिवशी करू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये, तो फिका आणि लाल दिसत असला तरीही. मोबाइलवर छायाचित्र काढताना रंगसंतुलन ‘डेलाइट’वर ठेवावे, ‘ऑटो’वर ठेवल्यास कॅमेरा तांबडा रंग दोष समजून पुसून टाकतो. गडावरून उतरायचे असेल तर संधिप्रकाश बावीस-तेवीस मिनिटेच पुरतो, विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी.

माझी विनंती अशी की, यापुढे पुरवणीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे चार गोष्टी छापाव्यात: योग्य महिने, त्या महिन्यांत सूर्य टेकण्याची दिशा, समोर आड येणारा डोंगर वा इमारत, आणि किनारा असेल तर त्या आठवड्यातली संध्याकाळची ओहोटी. यासाठी फार तर दोन ओळी लागतील.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक, रत्नागिरी