परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

माननीय संपादक महोदय,

शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान हे एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानाचे शिकारीचे रान होते आणि 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. तरीही घरात परवान्याची बंदूक असली म्हणजे शेतात शिरलेली नीलगाय मारता येते, असा समज आमच्या परिसरात अजून कानावर पडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी असून, पिकाची हानी करणारा प्राणी मारण्यासही मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. शस्त्र परवाना हा तो आदेश नव्हे.

नेमबाजीची हौस असणाऱ्यांनी मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या अधिकृत रेंजवरच सराव करावा, कारण अगदी लहान .22 बोअरची गोळीसुद्धा सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. एक गोळी चुकली की लगेच रायफलवरील दुर्बिणीचे स्क्रू फिरवणारे पुष्कळ असतात. वास्तविक रायफल टेकवून, एकाच जातीच्या काडतुसांनी तीन ते पाच गोळ्या झाडाव्यात आणि निशाणावर पडलेल्या छिद्रांच्या समूहाचा मध्य पाहूनच दुर्बीण जुळवावी. समूहच विखुरलेला असेल तर आधी माउंटचे (दुर्बीण रायफलला जोडणाऱ्या पकडीचे) स्क्रू आणि स्वतःचा श्वास तपासावा. बोट मात्र नेम धरेपर्यंत घोड्याबाहेरच हवे.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना (आमच्याकडे यालाही मर्दुमकी म्हणतात!) शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवान्याचे नूतनीकरण करतानाच ही माहिती लेखी द्यावी, ही प्रशासनास विनंती.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर