चि. ओंकारास, स्ट्रॉबेरीच्या बुरशीविषयी

विलेपार्ले, मुंबई
१९ जानेवारी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी पहाटे तू पाठवलेली सेंद्रिय स्ट्रॉबेरीची ४० पनेट, म्हणजे छोटे प्लास्टिकचे डबे, मिळाली आणि दुपारपर्यंत सोसायटीत वाटूनही झाली. पण रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांतली ११ बुरशी आल्यामुळे परत आली. हे फोनवर सांगितले तेव्हा तू बराच वेळ गप्प राहिलास आणि मग म्हणालास, की पुढच्या तोडणीआधी एकदा बुरशीनाशक मारून टाकतो, कोणाला कळणार आहे. ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. तू थकला आहेस म्हणून ते तोंडून निघाले, हे मी जाणते; तरीही फवारणीचा विचार करण्यापूर्वी त्या ११ पनेटांत मी काय पाहिले ते नीट वाच.

मी ती फळे वर्तमानपत्रावर पसरून एकेक तपासली. सात पनेटांत राखाडी, मखमलीसारखी बुरशी होती आणि तिच्या खालचे फळ तपकिरी पडले असले तरी फारसे पाझरलेले नव्हते. ही बोट्रायटिस. उरलेल्या चारांत फळे बसून रस तळाशी साचला होता आणि वर पांढऱ्या तंतूंच्या टोकांना टाचणीच्या डोक्यासारखे बारीक काळे ठिपके होते. ही रायझोपस. तुला दोन्ही बुरशी सारख्याच वाटतील, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. रायझोपस जखमेतून आत शिरते आणि तापमान साधारण ५ अंशांखाली गेले की वाढत नाही. म्हणजे ती चार पनेट केवळ हाताळणी आणि उष्णता यांमुळे गेली. बोट्रायटिस मात्र शून्य अंशालाही सावकाश वाढत राहते, तिला जखमेचीही गरज नसते, कारण ती बहुधा फुलातच शिरून फळ पिकेपर्यंत निमूट बसून राहते आणि मग शेजारच्या फळाला नुसत्या स्पर्शाने लागते. म्हणून वाफ्यातली सुकलेली पाने, जुन्या पाकळ्या आणि कुजकी फळे रोज बाहेर काढायलाच हवीत. मात्र ते काम तोडणी करणाऱ्या बायकांकडे देऊ नकोस. कुजक्या फळाला लागलेला हात चांगल्या फळाला लागता कामा नये.

आता तोडणीकडे वळते, कारण माझ्या मते खरी चूक तिथे आहे. तूच सांगितलेस, की शुक्रवारी फळे दुपारी तोडली, संध्याकाळी निवडून पनेटमध्ये भरली आणि रात्री टेंपो पसरणी घाटाने खाली उतरायला निघेपर्यंत ती शेडमध्येच होती. स्ट्रॉबेरी तोडल्यावर तासाभरात थंड व्हायला लागली पाहिजे. तुझी फळे सात-आठ तास उन्हाची ऊब पोटात घेऊन बसली. सकाळी दव सुकल्याबरोबर तोडणी सुरू कर आणि ऊन चढण्यापूर्वी संपव. फळ ओढू नये, देठ नखाने खुडावा, हिरवी टोपी शाबूत ठेवावी आणि फळ शेतातच थेट विक्रीच्या पनेटमध्ये ठेवावे, म्हणजे दुसऱ्यांदा हात लागणार नाही. टिकावे म्हणून अर्धे पांढरे फळ तोडण्याचा मोह नको, कारण स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, गोडी वाढत नाही. शेतावर फळ धुऊही नकोस.

तुझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या शीतखोलीत भाड्याने जागा मिळते म्हणालास, ती घे. तो खर्च या हंगामात मी देईन. तापमान शून्याच्या जितके जवळ ठेवता येईल तितके ठेव, पण फळ गोठू देऊ नकोस. पनेटच्या बाजूंना भोके असलीच पाहिजेत, नाहीतर बाहेरची हवा गार राहते आणि मधले फळ कोमटच. वरची झाकणाची प्लास्टिकची पट्टी फळ पूर्ण गार झाल्यावरच लाव. शनिवारी झाकणांच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. उबदार फळ बंद केल्यामुळे ते साचले आणि बुरशीला हवे असलेले पाणी आपणच तिला दिले. गार पनेट मुंबईच्या दमट हवेत आल्यावरही दव धरते, पण पट्टी लावलेली असेल तर ते बाहेरच्या बाजूला राहते. शीतखोलीतून काढलेला माल उघड्या टेंपोत पाठवलास तर सगळी मेहनत घाटातच संपेल. दुधाच्या थंड गाडीत जागा मिळते का, ते विचार.

फुलोऱ्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किंवा बॅसिलस हे उपयोगी जिवाणू यांची जैविक फवारणी करण्याबद्दल तुझ्या सेंद्रिय प्रमाणीकरण संस्थेला आधी विचारून घे. इकडे घरोघरी मी सांगितले आहे, की पनेट लगेच फ्रिजमध्ये ठेवा, खाण्याच्या वेळीच धुवा आणि एक जरी फळ बिघडलेले दिसले तरी ते ताबडतोब वेगळे काढा.

सोबत सुईचा थर्मामीटर पाठवत आहे. येत्या शुक्रवारी गाडीत माल चढवण्यापूर्वी मधल्या पनेटच्या एका फळात सुई खुपसून तापमान बघ आणि तो आकडा तोडणीच्या वेळेसह क्रेटवर लिही. ज्या फळात सुई गेली ते तू खाऊन टाक. शनिवारी माल उतरताच मी इथे पुन्हा मोजीन आणि दोन्ही आकडे तुला कळवीन.

तुझी,
आई