गॅरेज पाडू नकोस

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज आल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून म्हटलं फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं लिहूनच टाकतो. गॅरेज पाडायचं, तिथे तयार लाकडी केबिन आणून बसवायची, तीन बाजूंनी काच आणि काकूंनी आत बसून बाग बघायची, कल्पना मला मनापासून आवडलीय, फक्त त्यातलं "पाडायचं" आणि "तीन बाजूंनी काच" एवढं काढून टाक. रविवारी नौपाड्याला जाऊन सगळं नीट बघून आलोय.

पहिलं म्हणजे आंबा. गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून खोड जेमतेम चार फुटांवर आहे रे. पाडलंस की नवीन पाया खणावा लागणार आणि त्या बाजूची मुळं तोडल्याशिवाय तो होणार नाही, आणि एका अंगाची मुळं गेलेलं एवढं मोठं झाड पावसात जमीन भिजली आणि वारा सुटला की कधी आडवं होईल सांगता येत नाही, तेही काकूंच्या डोक्यावर. झाडच काढू म्हणशील तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, आणि खरं सांगू, त्या आंब्याशिवाय ती बाग उरतेच कुठे.

दुसरं, पाडलं की ते नवीन बांधकाम होतं. डिसेंबर २०२० पासून ठाण्यात युडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, लागू आहे, कंपाउंडपासून किती जागा सोडायची ते सगळं त्यात ठरलेलं. अप्पांनी गॅरेज थेट कंपाउंडच्या भिंतीला चिकटून बांधलंय, तसं आज परत बांधायला मिळेल असं धरून चालू नकोस. गॅरेज ठेवून खोली करायची तरी आधी मंजूर नकाशा शोध आणि आर्किटेक्टला दाखव, कारण नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागेचा वापर बदलायचा म्हणजे महापालिकेला विचारणं आलंच. तसंही तिथे आता गाडी जाणार नाही. फियाट साधारण पावणेपाच फूट रुंद होती, सात फुटी शटरमधून अप्पा ती आरामात आत घ्यायचे. आताच्या मोठ्या गाड्या पावणेसहा-सहा फूट, वर आरसे वेगळे, दार उघडून उतरायला जागाच राहत नाही.

आणि भिंती चांगल्या आहेत रे! नऊ इंची वीटकाम आहे, हातोडीने ठोकून बघितलं, आवाज कुठेच पोकळ नाही. खाली तीनेक फुटांपर्यंत लोणा लागलाय, म्हणजे ओलीने क्षार बाहेर आलेत, पोपडे सुटलेत, तेवढं प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवायची, पूर्ण सुकू द्यायची आणि मगच वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून नवीन प्लास्टर. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठव.

आता छताचं, हे मात्र नीट वाच. वरचे सिमेंटचे पत्रे जुने आहेत, म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. अख्खे आहेत तोवर फारसं काही नाही, पण मजूर घण घालून फोडतात तेव्हा जी धूळ उडते तिच्यातले बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी बाहेर येतो, मेसोथेलिओमासारखा कॅन्सरसुद्धा. मी रोज साईटवर हे बघतो, पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून पत्रे फोडतात आणि कोणी काही बोलत नाही, मला त्याचा खूप त्रास होतो. तुझ्याकडे असं होऊ द्यायचं नाही. पत्रे पाण्याने भिजवायचे, ते धरून ठेवणारे 'J' आकाराचे हुक सोडवायचे, अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि कुठे टाकणार ते कंत्राटदाराकडून आधी लिहून घ्यायचं, रस्त्याकडेच्या डेब्रिजमध्ये नाही. पोरांना मास्क आपण चांगले आणून द्यायचे. आणि त्या दिवशी काकूंना आमच्याकडे पाठव.

वर काय घालायचं? काकूंना मंगलोरी कौलं हवीत, पण बरोब्बर वरती आंबा, दरवर्षी कैऱ्या पडणार आणि कौलं फुटणार. मी म्हणेन पन्नास एमएमचं पफ पॅनल टाक, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं, ऊनही अडतं आणि पावसाचा आवाजही कमी होतो, साध्या पत्र्याखाली जुलैत समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कौलं पाहिजेतच तर पुढच्या छोट्या पडवीवर घालू, तिथे फांदी येत नाही.

काचेचं म्हणशील तर शटरची बाजू पश्चिमेला आहे. ठाण्यात दुपारनंतरचं ऊन तिकडून आणि पावसाळ्यात झडही तिकडूनच, तिथे काच लावलीस तर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत चौकटीतून पाणी. शटर काढून तिथे भिंत, वर जाळीचे झरोके आणि अडीच फुटी छज्जा. काचेचं मोठं दार मागच्या भिंतीत, पूर्वेला, बागेकडे. त्या भिंतीत नवीन भगदाड पाडायचं म्हणजे आधी टेकू, मग दारावर भिंतीचा भार घ्यायला लिंटेलची आडवी तुळई, आणि हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणेच, मिस्त्रीच्या अंदाजाने नाही. एका बाजूने वारा आला आणि समोरून गेला की एसी लागणारच नाही. दोन्हीकडे मच्छरजाळी विसरू नकोस, बागेत डेंग्यूचे डास असतातच.

जमीन सहा इंच उचलू. तुला आठवतं ना, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा तुमच्या कंपाउंडमध्ये पाणी गुडघ्याला होतं, आणि अजूनही वंदना टॉकीजकडे पाणी साचलं की तुमच्या गल्लीत येतंच. पण उचलली की पायरी होणार आणि काकूंचा गुडघा पायरीला नाही म्हणतो, म्हणून पायरी नको, एकास बारा उताराचा रॅम्प, म्हणजे सहा इंचांना सहा फूट, एका बाजूला कठडा. तेवढी जागा आहे, टेप लावून बघितलंय. फियाट उभी राहायची तिथे कोब्यात ऑइल मुरलंय, काळा पट्टा आहे, हात फिरवला तर अजून वास येतो. त्यावर नुसता माल घातला तर धरणार नाही, टाचे मारून तो थर काढावाच लागेल.

वायरिंग सगळं नवीन, अर्थिंगसकट, यात काटकसर नको.

अप्पांचा हत्यारांचा फळा अजून भिंतीवर आहे. प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलने काढलेली आकृती, आणि बारा नंबरच्या पान्याची जागा रिकामी. काकू म्हणाल्या तो फळा काढायचा नाही, मलाही तेच वाटतं. त्याच खिळ्यांवर त्यांची खुरपी आणि कात्री टांगू दे. सावलीत सोनटक्का छान येईल, अबोली येईल, मोगरा मात्र पुढे उन्हात ठेवावा लागेल. रोपं घोडबंदर रोडच्या नर्सरीतून मी आणीन.

काम दसऱ्यानंतरच काढायचं म्हणजे मे उजाडायच्या आत छत पक्कं होतं. तोवर पाऊस आहे तो वापरून घेऊ, जोरात पडला की मी जाऊन पाणी भिंतीला कुठे टेकतं आणि कुठून झिरपतं तिथे कोळशाने खुणा करून येतो, उन्हाळ्यात हे कळायचं नाही. तू नकाशा तेवढा शोध, काकू म्हणतात अप्पांच्या लोखंडी कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये असेल आणि किल्ली तुझ्याकडे आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
सुध्या