मोतीबिंदूआधी पडद्याची परीक्षा व्हायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुखले नाही, भिंग व्यवस्थित बसले आणि कागदावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ असा शेराही पडला. पट्टी काढल्यावर आईने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘‘घड्याळाची कड दिसते गं, पण काटे कुठे आहेत?’’ डोळा अजून भरून यायचा असेल, अशी आम्ही समजूत घातली. दीड महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा उलगडा झाला. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, वाचण्यासारखी बारीक नजर जिथून येते आणि ज्याला मॅक्युला म्हणतात तिथे, जुना वण पडलेला होता. शस्त्रक्रियेत काहीही चुकले नव्हते. मोतीबिंदू काढल्याने किती दिसेल हे पडदा ठरवणार होता, आणि त्या पडद्याबद्दल आधी आम्हाला कोणी एक शब्दही सांगितला नव्हता.

माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती एका घरापुरती नाही असे वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे. डोळ्यातले भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. ते बदलता येते. त्याच्यामागचा पडदा, म्हणजे रेटिना, बदलता येत नाही. मोतीबिंदू कोवळा असेल तर डॉक्टरांना बाहुलीतून आत डोकावून पडदा पाहता येतो आणि ओसीटी यंत्राने त्याच्या थरांची प्रतिमाही घेता येते. पण मोतीबिंदू पिकून पांढरा झाला की आतले काही दिसत नाही, आणि नेमक्या अशा वेळी पडदा काम करतो की नाही हे आडवाटेने शोधावे लागते. या आडवाटा मी आईच्या डाव्या डोळ्याच्या तपासणीत प्रत्यक्ष पाहिल्या, कारण तो मोतीबिंदू पूर्ण पिकलेला होता.

डॉक्टरांनी आधी साधी बॅटरी घेतली आणि तिचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, पुन्हा पहिल्यावर, असा फिरवत बाहुल्या कशा आकसतात ते पाहिले. मोतीबिंदू दाट असला तरी उजेड विखरून का होईना आत पोहोचतो, त्यामुळे बाहुली मंद आकसत असेल तर दोष भिंगाच्या मागे, पडद्यात किंवा डोळ्याच्या नसेत, शोधायला हवा. मग उजवा डोळा पूर्ण झाकून डाव्या डोळ्यापुढे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे उजेड धरला आणि आईला बोटाने दिशा दाखवायला सांगितले. एखाद्या बाजूचा उजेड कळला नाही, तर पडदा सुटला असण्याची किंवा काचबिंदूची शंका घेतात. तिसरी परीक्षा मला फार आवडली. मिटलेल्या पापणीवर बॅटरीचे टोक टेकवून त्यांनी ते हलकेच हलवत ठेवले आणि विचारले, ‘‘आजी, काय दिसतंय?’’ आई म्हणाली, ‘‘पानं गळालेल्या झाडाच्या फांद्या.’’ त्या तिच्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने या दृश्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव आहे. त्या सावल्या दिसल्या तर पडदा ढोबळमानाने जागा आहे असे समजतात. दिसल्या नाहीत तरी लगेच निष्कर्ष काढत नाहीत, कारण काय दिसते ते प्रत्येकाला सांगता येतेच असे नाही.

या तिन्ही परीक्षांना बॅटरीपलीकडे काही लागत नाही. आईच्या पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी त्या का झाल्या नाहीत, हा प्रश्न मनातून जात नाही.

त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. बाहुली नीट आकसली आणि चारही दिशा कळल्या, तरी मॅक्युला खराब असू शकतो. बी-स्कॅन सोनोग्राफीत पडदा जागेवर आहे की सुटला आहे ते कळते, तो किती पाहू शकतो ते कळत नाही. ईआरजी तपासणीत डोळ्यावर प्रकाशाचा लखलखाट टाकून पडद्याची विद्युत प्रतिक्रिया मोजतात, पण सर्वसाधारण ईआरजी म्हणजे संपूर्ण पडद्याची बेरीज असते आणि मॅक्युला हा त्यातला एक इवलासा तुकडा, म्हणून तो बिघडलेला असूनही आलेख चांगला येऊ शकतो. मध्यम मोतीबिंदू असेल तर भिंगाच्या कमी गढूळ भागातून बारीक झोताने अक्षरे थेट पडद्यावर पाडून दृष्टीचा अंदाज घेणारी यंत्रेही आहेत. कोणतीही एक परीक्षा पुरेशी नसते, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे एकही न करणे योग्य ठरत नाही.

खर्चाचा तर प्रश्नच नाही अशीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे विचारपूस. मधुमेह किती वर्षांचा आहे? मोठ्या नंबरचा चष्मा होता का? सरळ रेघ वाकडी दिसायची का? तरुणपणी या डोळ्याने नीट दिसत होते का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण लहानपणापासून आळशी राहिलेल्या डोळ्याचा पडदा दिसायला निरोगीच असतो, तरी त्या डोळ्याने नीट दिसत नाही. मधुमेहींच्या मॅक्युलाला सूज असेल तर शस्त्रक्रियेनंतर ती वाढू शकते, म्हणून ती आधी कळलेली बरी.

पडदा खराब निघाला म्हणून शस्त्रक्रिया करू नये, असे मी अजिबात म्हणत नाही. कडेची नजर सुधारली तरी माणूस घरात आधाराशिवाय वावरतो, आणि भिंग फार गढूळ असेल तर ते निघाल्याशिवाय डॉक्टरांनाही पडदा नीट पाहून उपचार करणे अवघड जाते. एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर किती ताण असतो, याचीही मला जाणीव आहे. माझी विनंती इतकीच आहे की संमतीपत्रावर रुग्णाची सही घेण्यापूर्वी पडद्याच्या कोणत्या परीक्षा झाल्या, त्यांतून काय निघाले आणि किती दिसण्याची अपेक्षा धरावी, हे रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावे. ‘नजर येईल’ एवढे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी कागदावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ‘चालण्याफिरण्यापुरती नजर मिळेल, वाचता येईलच याची खात्री नाही.’ मी ते दोनदा वाचून दाखवले. आईने ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसली आणि कागद कुठे आहे ते चाचपून सही केली.

आपली विश्वासू,
एक वाचक