डँडेलियनच्या गोळ्या पाठवत नाहीये

एडिसन, न्यू जर्सी
११ मे

प्रिय बंड्या,

तू मागितलेल्या डँडेलियनच्या गोळ्या मी पाठवणार नाहीये. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून पत्र.

सध्या माझ्या अंगणात त्याच फुलांचा पिवळा सडा पडलाय. लहानपणी आपण रुईच्या म्हाताऱ्या फुंकायचो, तशाच याच्याही उडतात. परवा एक रोप स्क्रू ड्रायव्हरने उकरायला गेलो, तर मूळ वीतभर खाली जाऊन मोडलं. बोटांना पांढरा चीक लागला, त्याचे डाग अजून गेले नाहीत. कोवळी पानं मीनलने लसणाची फोडणी देऊन परतली. पाथरीपेक्षा कडू रे! काश्मिरात हिलाच 'हंद' म्हणतात, बाळंतिणीला खायला घालतात. भाजी म्हणून माझी काही तक्रार नाही.

पण तुझ्या त्या व्हिडिओतला बाबा 'सूज उतरते, हृदय सुधारतं' म्हणतो, ते कुठून आलं तेही शोधलं. पानांतल्या ल्युटिओलिनसारख्या द्रव्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींमधली दाहाची लक्षणं कमी होतात, हे खरं. २०१० साली कोरियात सशांना कोलेस्टेरॉल चारून सोबत याची मुळं-पानं दिली, तर त्यांच्या रक्तातल्या चरबीत सुधारणा दिसली, हेही खरं. पण तू ससा नाहीस. माणसांवरचा २००९ चा एक छोटा प्रयोग सापडला: १७ जण, एक दिवस पानांचा अर्क. निष्पन्न काय, तर लघवीच्या फेऱ्या वाढल्या! फ्रेंचांनी नावच ठेवलंय, 'पिसाँली'. अंथरूण ओलं करणारं.

आता तुझं. हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह बसवल्यापासून तू वॉरफेरिनवर आहेस. ती गोळी के जीवनसत्त्वाला आडवी येते, म्हणून रक्त सहज गोठत नाही. आणि या १०० ग्रॅम कच्च्या पानांत ते जीवनसत्त्व सुमारे ७८० मायक्रोग्रॅम. पुरुषाला दिवसाला लागतं १२०. अर्कात त्यातलं किती उतरलंय, ते डबीवर कुठे छापलेलं असतं? इथे असल्या गोळ्या विकण्याआधी सरकारी मंजुरीही लागत नाही. तुझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, घसरला आणि व्हॉल्व्हवर गुठळी धरली, तर वहिनींना मी काय तोंड दाखवू?

आणि कुणाकडून आधीच मागवल्या असशील, तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. पुढचा आयएनआर आला की नुसता आकडा कळव, भाषण नको.

तुझा,
दिल्या

ता. क. ते मोडलेलं मूळ काल पुन्हा फुटलं.