खुबा वाचवायचा आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं, एक्स-रेच्या फोटोत हाड जुळलेलं दिसलं, आणि तुम्ही दोघांनी दुखणं संपलं असं धरून टाकलंत. मनगट जुळलं हे खरं. पण चालता चालता पडून, नुसता तळहात टेकून ते मोडलं, म्हणजे हाडच ठिसूळ झालंय. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी; तिचा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. आईचा उणे २.९ आहे. मनगट ही अनेकदा पहिली सूचना असते. पुढे मणका असतो आणि खुबा. खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतं, म्हणून एवढं लिहितेय.

आई, हाडांसाठीची आठवड्याची गोळी, अ‍ॅलेंड्रोनेट, तू चहासोबत घेतेस आणि पुन्हा लवंडतेस. तसं घेतलं तर ती न घेतल्यासारखीच. अ‍ॅलेंड्रोनेटचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात उतरत नाही, आणि दूध-चहा तेवढाही उतरू देत नाही. गुरुवारी उठल्यावर, तोंडात काही जायच्या आधी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळ. चघळू नकोस. मग अर्धा तास चहा नाही, बिस्कीट नाही, दुसरी कुठली गोळी नाही, आणि पाठ टेकायची नाही. बस, चाल, फुलं तोड. आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. गिळताना दुखलं किंवा छातीत जळजळ सुरू झाली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठायचं. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषधही असतं. दात काढायचा झाला तर ही गोळी चालू आहे हे दंतवैद्यांना आधी सांग.

बाबा, डी व्हिटॅमिनचं ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एकच, तेही डॉक्टरांनी लिहिलेत तेवढेच आठवडे. रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, गुंगी येते, मूत्रपिंडांवर ताण येतो. कालनिर्णयवर लिहून ठेवा: गुरुवारी गोळी, रविवारी सॅशे. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणासोबत, आणि नाचणीची भाकरी आहेच.

मोरीत टॉवेलच्या दांडीला धरून उठणं दोघांनीही बंद करा. ती दांडी माणसाचं वजन पेलायला नसते. भिंतीला भोकं पाडून, अँकर फास्टनरने, म्हणजे भिंतीत घट्ट रुतणाऱ्या बोल्टने, पक्का हँडल बसवून घ्या. चिकटवायचा, रबरी वाटीचा नको, तो ऐन वेळी सुटतो. दारातलं सरकणारं पायपुसणं काढा. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. रक्तदाबाच्या गोळ्यांवर एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आई, भरलेली बादली कमरेत वाकून उचलू नकोस, गादीचा कोपराही नाही. पुढे वाकलं की मणक्याचा पुढचा भाग दाबला जातो आणि चेपतो. पाठीत एकदम चमक भरून ती आठ दिवसांत ओसरली नाही तर एक्स-रे काढा. काही मणके मात्र न दुखताच चेपतात, नुसती उंची कमी होते. म्हणून दारामागे पेन्सिलीने उंचीची खूण करून ठेवा, दर दिवाळीला बघा.

आणि पडलंच कोणी, आणि एक पाय आखूड दिसला, पंजा बाहेर वळलेला दिसला, तर पाय ओढायचा नाही, चोळायचा नाही, उभं करायचं नाही, हाडवैद्याला बोलवायचं नाही. १०८ ला फोन करा. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हायला हवं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, शय्याव्रण होतात, पायात गुठळी होते. कधी मोडलेलं हाड आतल्या आत रुतून बसतं आणि माणूस लंगडत चालतंही. चालता येतंय म्हणून गप्प राहू नका. पडल्यावर जांघेत दुखत राहिलं तर फोटो हवाच.

गुरुवारी सकाळी साडेसहाला फोन करते. आई, गोळी घेऊन खुर्चीत बस, अर्धा तास बोलू, मग चहा टाक.

तुमची,
लेक